ओढणीआडचा हात

त्या वर्षी कारखान्याचा भोंगा वाजला नाही आणि आमच्या घरातल्या सगळ्या वेळा मोडल्या. एरवी दिवाळीच्या आगेमागे बॉयलर पेटला, की पहाटेच्या भोंग्याला माय चूल पेटवायची, सकाळच्या भोंग्याला अप्पा डबा सायकलला अडकवून निघायचे आणि संध्याकाळच्या भोंग्याला अक्का तुळशीपाशी दिवा लावायची. भिंतीवर घड्याळ होतं, पण ते कुणी बघत नसे. त्या साली उसाला पाणीच नव्हतं. थोडाफार उभा होता तो जनावरांच्या तोंडी गेला. कारखाना सहकारी होता, म्हणजे सगळ्यांचा होता, आणि बंद पडला तेव्हा तो सगळ्यांचाच बंद पडला. अप्पा मात्र त्यांच्या वेळेला उठायचे, तोंडावरून ओला हात फिरवायचे, घडीचा खाकी शर्ट घालायचे आणि ओट्यावर येऊन बसायचे. जाणारी-येणारी माणसं "काय पॅनमन, आज सुट्टी?" म्हणून विचारायची आणि अप्पा रोज नव्यानं हसायचे.

पॅनमन म्हणजे काय हे आता सांगावं लागतं. उसाचा रस आटवत आटवत शेवटी ज्या मोठ्या बंद भांड्यात त्याची साखर धरते त्याला पॅन म्हणतात. ते सांभाळणारा माणूस मधूनमधून आतला गरम पाक काढून काचेच्या पट्टीवर पसरतो, पट्टी दिव्यासमोर धरतो आणि दाणा धरला की नाही ते नुसत्या डोळ्यांनी ओळखतो. अप्पांना ती सवय घरीही होती. दूध असो, चहा असो, टँकरचं पाणी असो, पेला हातात आला की आधी उजेडाकडे धरायचे. माय म्हणायची, "प्या की आता. त्याच्यात काय साखर पडायची हाय का?"

टँकर एका दिवसाआड यायचा आणि कधी कधी तोही यायचा नाही. माय घागरीच्या तोंडावर जुन्या नऊवारीचा दुहेरी तुकडा बांधून पाणी गाळायची. खाली पडणाऱ्या धारेचा बारीक आवाज सोडला तर दुपारी घरात काही ऐकू येत नसे. जेवायला ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी. येसर म्हणजे धान्यं आणि मसाला भाजून दळून ठेवलेलं पीठ. पाण्यात कालवून उकळी आणली की भाजीवाचून भागतं. आमचं चार महिने त्याच्यावरच भागलं. अजूनही येसर भाजल्याचा वास आला, की मला आधी भूक लागते आणि मग त्या दिवसांची आठवण येते. हा क्रम कधी उलटा झालेला नाही.

मी बारावी होऊन घरी बसले होते. केजला जाऊन कॉम्प्युटरचा क्लास केला होता, पण कॉम्प्युटर होता कुठे? तो आणला रशीदचाचांनी. नांदूरघाटच्या बाजारात त्यांचा फोटो स्टुडिओ होता. सगळं आयुष्य अंधाऱ्या खोलीत, फोटो धुण्याच्या औषधाच्या ट्रेवर वाकून काढलेला माणूस. पण गिऱ्हाईक आता केजला, बीडला जाऊन रंगीत कारागिरीचे अल्बम आणायला लागलं, तेव्हा त्यांनीही धीर करून एक कॉम्प्युटर, एक स्कॅनर आणि एक प्रिंटर घेतला. माऊस हलवला की पडद्यावरचा बाण भलतीकडेच पळायचा. दोन-चार दिवस झटापट करून ते आमच्या ओट्यावर आले. "भानुदासराव, पोरगी पाठवा. माझ्या पोरीवानी ठेवीन. ते उंदीर माझं ऐकत न्हाई."

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. "जाती का, रंजे?"

मी चप्पल शोधायला उठलेसुद्धा होते.

फोटो म्हणजे एक कागद, अशी माझी तोवरची समजूत. तिथे गेल्यावर कळलं, की त्या यंत्रातला फोटो म्हणजे एकावर एक ठेवलेल्या काचा. खालच्या काचेवर डोंगर, वरच्या काचेवर माणूस, त्याच्याही वर नाव. वरच्या काचेवर जिथे काही नाही तिथून खालचं दिसतं. चाचांना हे नवीन नव्हतं. त्यांनी मला जुनी निगेटिव्ह दाखवली, नवरानवरी सोडून बाकीचा सगळा भाग त्यांनी लाल रंगानं बुजवलेला. "रंग लावला तिथून उजेड जात न्हाई, बेटी. मग त्याच कागदावर दुसऱ्या निगेटिव्हमधला ताजमहल उतरवायचा. आमी हातानं करत होतो, तू उंदरानं कर."

क्लासात आम्हाला शिकवलं होतं, की पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्याला लाल किती, हिरवा किती, निळा किती हे ठरलेलं असतं. चौथीही एक गोष्ट असते हे मला त्या स्टुडिओत कळलं: तो ठिपका आहे किती. पुरता आहे, अर्धामुर्धा आहे, की नाहीच. आणि जिथे नाहीच, तिथे यंत्र राखाडी-पांढऱ्या बारीक चौकटी दाखवतं. पांढरं दाखवलं असतं तर माणूस फसला असता, कारण पांढरा हा रंग आहे. हे मी शिकले ते फजिती होऊन. गावातल्या दूध संस्थेला पिवळ्या पाटीवर त्यांचं गाईचं चित्र हवं होतं. मी गाईभोवतीचं सगळं छान काढून टाकलं, चौकटी दिसल्या, खूश झाले आणि फाईल नेहमीच्या फोटोच्या प्रकारात साठवून बीडला छापायला पाठवली. पाटी आली ती पिवळ्या रंगावर पांढरी फरशी बसवल्यासारखी, आणि फरशीच्या मधोमध गाय. त्या प्रकारच्या फाईलला 'काही नाही' हे ठाऊकच नसतं. ती तिथे पांढरं भरून मोकळी होते. संस्थेचे सचिव म्हणाले, "गोठ्यासकट दिली म्हणायची." चाचा इतके हसले, की त्यांना खुर्चीवर बसावं लागलं. तेव्हापासून थर वेगळे ठेवणाऱ्या फाईलमध्ये काम करायचं आणि हात थांबला की साठवायचं, ही सवय मला लागली.

गिऱ्हाईक काय मागायचं तेही सांगण्यासारखं आहे. सगळ्यांना धबधबे हवे असत. टँकरमागे घागर घेऊन पळणारी माणसं दुपारी फोटोसाठी उभी राहायची आणि म्हणायची, "मागं पाणी टाका. भरपूर टाका." चाचांनी पुण्याहून एक सीडी आणली होती, तिच्यात नुसते धबधबे, तळी आणि हिरवळ. त्या दुष्काळातल्या आमच्या भागातल्या फोटोंत कोरडी जमीन तुम्हाला कुठे सापडायची नाही.

अक्काचं लग्न ठरलं ते त्याच दिवसांत. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, नाव संगीता, आणि घरात तिचा शब्द मायच्या खालोखाल. मुलगा चौसाळ्याचा, बोअरच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचं दुकान असलेला, शांत. आमचे दाजी आजही तसेच आहेत. लग्न कसं व्हायचं हे अक्काच्या मनात लहानपणापासून पक्कं होतं. आमच्या दारात मांडव, दाराला तोरण, आणि गल्लीतल्या सगळ्या बाया अंगणात गाणी म्हणतायत. पण त्या वर्षी पाण्यावाचून पंगत कशी उठणार? मग कारखान्याच्या मंडळींनी सामुदायिक विवाह करायचं ठरवलं. ऊस नसल्यामुळे गाड्यांचं मैदान रिकामंच होतं. मंडप कारखान्याचा, जेवण कारखान्याचं, नवरीला साडी कारखान्याची. तरी नावं येईनात. तिथे लग्न लावलं की आपलं झाकलेलं उघडं पडेल, असं सगळ्यांना वाटायचं. तेव्हा चेअरमननी अप्पांना बोलावलं. तुमच्यासारख्या मानाच्या माणसानं पहिलं नाव दिलं तर बाकीचे येतील, म्हणाले. अप्पांनी नाव दिलं आणि घरी येऊन सांगितलं.

अक्का तेव्हा भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही. "बरं," एवढंच म्हणाली. नंतर मला मात्र म्हणाली, "मला इचारलं तरी आसतं. मी न्हाई म्हणले नसते, रंजे. पण इचारलं तरी आसतं." त्या दिवसापासून ती अप्पांशी कामापुरतं बोलायची आणि मग तेही थांबलं.

लग्नात फोटो काढायचं काम चाचांना मिळालं होतं आणि चाचांचा फ्लॅश धरायचं काम मला. म्हणजे माझ्या बहिणीच्या लग्नात मी सगळ्यांच्या लग्नात होते. नवऱ्या एका रांगेत, सगळ्यांना एकसारख्या पिवळ्या साड्या. आमच्या मामीनं ऐन वेळी अक्काच्या डोक्यावरून लाल जाळीची झिरझिरीत ओढणी टाकली, तेवढाच काय तो फरक. मागे हा मोठा निळा बॅनर, त्यावर चेअरमनचा हात जोडलेला चेहरा आणि संचालकांची नावं. फिल्म जपून वापरायची होती म्हणून चाचा रांगेसमोरून सरकत जात एकेका जोडप्याचा एकेकच फोटो काढत होते. अप्पा कारखान्याचे माणूस, त्यांना वाढप्यांवर उभं केलेलं. निघायच्या वेळी टेम्पो चालू झाला तेव्हा ते वरणाचा ओगराळा हातात तसाच घेऊन पळत आले. अक्का त्यांच्या पाया पडली, पण तिनं मान वर केली नाही. टेम्पो गेल्यावर अप्पा बराच वेळ तो ओगराळा कुठे ठेवायचा ते शोधत राहिले.

त्यानंतर काही दिवसांनी, दुपारची लाईट आली होती आणि मी स्कॅनर लावत होते, तेव्हा अप्पा स्टुडिओच्या दारात येऊन उभे राहिले. खाकी शर्ट, हातात टोपी. चाचांनी स्टूल दिलं.

"रशीदभाई, फोटोतलं मागचं काढता येतं म्हणं?"

"कोणत्या फोटोतलं?"

"आमच्या संगीच्या." अप्पांनी टोपीची घडी घातली, उलगडली. "पोरगी तिकडं भित्तीवर लावंल. येणारा-जाणारा बघंल. तिच्या डोक्यावर चेअरमनचं तोंड कशाला? आपल्या लेकीचं लगीन हाय ते, इलेक्शन न्हाई."

चाचा माझ्याकडे वळले. मी निगेटिव्ह शोधली, स्कॅन केली, आणि अप्पांच्या देखत अक्का-दाजींच्या कडेनं बारीक रेघ ओढायला लागले. अप्पा रोज यायला लागले. लाईट असेल तेवढा वेळ स्टुलावर बसून पडद्याकडे बघायचे. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी मागचं सगळं काढून टाकलं तेव्हा मात्र ते पुढे वाकले.

"ही फरशी कावून टाकली?"

"फरशी न्हाई अप्पा. तिथं आता काहीच न्हाई. काहीच न्हाई हे कळावं म्हणून तसं दिसतंय."

"काहीच न्हाई हे बी दाखवावं लागतंय का?" अप्पा म्हणाले, आणि पडद्यावरच्या अक्काकडे बघत बसले. ती आणि दाजी त्या चौकटींवर उभे होते, खाली जमीन नाही, मागे भिंत नाही.

मी धबधब्यांची सीडी घातली. एक, दुसरा, तिसरा. अप्पा मान हलवत राहिले. शेवटी म्हणाले, "आपलं दार टाकता येतं का गं?"

मग पुढच्या आठवड्यात आमच्या घरी जे झालं ते त्या दाराच्या फोटोसाठी. दाराची भिंत दोन पावसाळे रंगवलेली नव्हती. पोपडे धरले होते. अप्पांनी चुना आणला, पण चुना कालवायला पाणी? तर त्यांनी स्वतःच्या आंघोळीचं पाणी मोरीत जाऊ न देता परातीत बसून आंघोळ करायला सुरुवात केली आणि ते पाणी डब्यात साठवलं. मायला हे कळल्यावर ती आधी खूप बोलली. "येडं लागलंय का? लग्न होऊन गेलं न आता मांडवाची तयारी करायलेत!" दुसऱ्या दिवसापासून तीही तांदूळ धुतलेलं पाणी त्याच डब्यात ओतायला लागली. अप्पांनी दोन दिवस खपून भिंत पांढरी केली, थोडी नीळ घालून. मायनं उंबऱ्यापुढे रांगोळी काढली आणि लिंबाच्या डहाळ्यांचं तोरण बांधलं, कारण त्या उन्हात हिरवं झाड म्हणून लिंबच राहिले होते. चाचा कॅमेरा घेऊन आले, सावलीतला मऊ उजेड बघून त्यांनी रिकाम्या दाराचा फोटो काढला. शेजारच्या बाया कंपाउंडावरून बघत होत्या. दाराचा फोटो कुणी काढतं का? अप्पा बाजूला उभे होते, हातांना चुना, आणि त्यांना फोटोत यायचं नव्हतं.

आता फक्त अक्काला दारात उभं करायचं होतं, आणि ती ओढणी आडवी आली. माणसाची कड कापता येते. केसांची कडसुद्धा धीर धरला तर जमते. पण झिरझिरीत कापडाला कड नसते. ते सगळंच अर्धं असतं. जाळीच्या प्रत्येक भोकातून मागचा निळा बॅनर दिसत होता, एका ठिकाणी तर कुणा संचालकाच्या नावातलं एक अक्षर. दार मागे ठेवलं तरी अक्काच्या खांद्यावर निळा राहायचाच. चाचांनी सांगितलं, एकदम पुसू नको, झाकून बघ. त्या सॉफ्टवेअरमध्ये थरावर मुखवटा घालता येतो. त्यावर काळं फासलं की त्या थरावरचं चित्र लपतं, पांढरं फासलं की दिसतं, आणि राखाडी फासलं की अर्धं दिसतं. पुसलेलं काहीच नसतं, मन बदललं की परत आणता येतं. मी ओढणीवर राखाडीच्या फिक्या-गडद छटा देत बसले, आणि जिथे निळा राहिला तिथे ओढणीचाच दुसरीकडचा लाल आणून लावला. चित्र मोठं करायचं, इंचभर जागेत दुपार घालवायची.

अशीच एक दुपार होती. ओढणीच्या डाव्या टोकाकडे, जिथे निळा असायला हवा होता, तिथे मला गव्हाळ रंग लागला. आधी वाटलं निगेटिव्हवर डाग आहे. अजून मोठं केलं. बोटं होती. अक्काचा उजवा हात हारावर होता, डावा ओढणीखाली, आणि त्या डाव्या मनगटाभोवती आणखी कुणाची तरी बोटं घट्ट आवळलेली. नखांवर मेंदी, मागे हिरव्या काचेच्या बांगड्या. दाजींचा तर नक्कीच नव्हता तो हात.

चाचांनी चष्मा कपाळावर चढवून जवळून बघितलं. मग दिवसभराच्या कामाची लय मोडून खुर्चीत टेकले. "हे मिटवू नको, बेटी. हे काय हाय ते तुझ्या बहिणीलाच ठाऊक."

मांडव परतायला, म्हणजे लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी, अक्का आली तेव्हा मी तिला स्टुडिओत घेऊन गेले. घरी ती मायशी बोलत होती, माझ्याशी बोलत होती, अप्पांच्या ताटात भाकरी वाढत होती. पण त्यांच्याशी बोलत नव्हती. दाजी ओट्यावर अप्पांशी दोघांच्या वाटचं बोलत बसले होते. स्टुडिओत मी तिला खुर्चीवर बसवलं आणि आधी तो हातच दाखवला, एवढा मोठा करून.

अक्कानं पदर तोंडाला लावला. "शांता," म्हणाली.

"कोण शांता?"

"माझ्या बाजूची. ऊसतोडीवाल्यांतली. आई-बाप न्हाईत, चुलत्यानं वाढवलेली. त्यानं तिला रांगेत आणून उभी केली अन् गेला पंगतीला." अक्का पडद्याकडेच बघत होती. "तुला सांगू का रंजे? मंगलाष्टकं संपत आल्ती अन् मी निघणार होते. खरंच निघणार होते. अप्पा तिकडं वाढप्यांवर वरडायलेत, मी हिकडं त्या चेअरमनच्या तोंडाखाली. वाटलं, जावं कुटं बी. एक पाऊल मागं घेतलं होतं. हिला काय कळलं देव जाणं. ओढणीखालून हात घातला न मनगट धरलं. म्हणली, ताई, तुमी गेलात तर मी बी जाईन. पण तुमाला घर तरी हाय. मी कुटं जाऊ?"

"मग?"

"मग काय. ऱ्हायले."

मी चित्र लहान केलं आणि खालचा थर चालू केला. चौकटी गेल्या आणि अक्का-दाजींच्या मागे आमचं दार आलं. पांढरी भिंत, तोरण, मायची रांगोळी.

"हे आपलं दार हाय?" अक्का म्हणाली. "पांढरं कधी झालं?"

मी सांगितलं. कुणी सांगितलं फोटोतलं मागचं काढायला, कोण रोज इथे त्या स्टुलावर येऊन बसलं, चुन्याला पाणी कुठून आलं, परातीतल्या आंघोळीचंसुद्धा. ती ऐकत होती आणि तेवढ्यात लाईट गेली. पडदा काळा झाला, पंखा फिरत फिरत थांबला. चाचा उठून बाहेर चहाच्या टपरीकडे गेले. त्या अंधाऱ्या दुकानात अक्का खूप रडली. माझा हात तिच्या पाठीवर होता आणि बाहेर टँकर आला म्हणून लोकांची पळापळ चालली होती.

लाईट आली तेव्हा तिनं डोळे पुसले. "गेलं का सगळं?" तिनं घाबरून विचारलं. नव्हतं गेलं. मी फाईल उघडली. थर सगळे जागेवर होते, अक्का, ओढणी, हात, दार. तेव्हा ती म्हणाली, "शांतेला बी उभी कर दारात. नुस्ता हात नको. तिला पुरती उभी कर."

ते जमण्यासारखं होतं, कारण चाचांनी रांगेत पुढचा फोटो शांताचाच काढला होता. संध्याकाळी आम्ही घरी आलो. अप्पा ओट्यावर होते. अक्का उंबऱ्यापाशी थांबली, भिंतीकडे वर बघितलं आणि म्हणाली, "अप्पा, वरचा कोपरा ऱ्हायलाय की रंगवायचा."

अप्पा उठून उभे राहिले.  "हात पुरला न्हाई, बाळ."

"स्टूल घ्यायचं की मग."

"घेतो. उंद्या घेतो," अप्पा म्हणाले. त्या रात्री जेवताना अक्का त्यांना चौसाळ्याचं सगळं सांगत होती, विहिरीचं, सासूचं, दुकानातल्या मोटारींचं, आणि अप्पा प्रत्येक गोष्टीला "आस्सं?" म्हणत होते.

आज अक्काच्या लेकीच्या फोनवर बोट टेकलं की माणूस मागच्या चित्रातून आपोआप सुटून येतो. ती मला दाखवते, "मावशी, बघ, एका सेकंदात." मी बघते. बऱ्याचदा त्यात केसांची टोकं गेलेली असतात, एखाद्या बाईची ओढणी अर्धी खाल्लेली असते, आणि ओढणीखाली कुणाचा हात असेल तर तो फोनला कळत नाही. तिला मी हे बोलून दाखवत नाही. माझे डोळे आता इंचभर जागेत दुपार घालवण्याजोगे राहिलेले नाहीत, आणि तिचा फोटो तिला आवडलेला असतो.

तो फोटो पुरा व्हायला पुढे बरेच दिवस लागले. दोन निगेटिव्हमधला उजेड सारखा नव्हता. शांता अक्कापेक्षा गडद यायची. तिचा नवरा फोटो काढताना डोळे मिटून उभा होता, त्याचं काही करता आलं नाही. पण शेवटी चौघंही आमच्या दारात उभी राहिली, चौघांच्या पायाखाली मायची रांगोळी, आणि ओढणीतून तो हात दिसत होता, आता त्याच्या धनिणीसकट. कारखान्याकडून प्रत्येक जोडप्याला एक फ्रेम मिळायची होती. चाचांनी शांताच्या फ्रेममध्ये हाच फोटो घातला आणि पाटोद्याच्या एस.टी.नं तिच्या सासरच्या गावी स्वतः पोचवला. सासू घरी होती, म्हणाले. फोटो हातात घेऊन विचारत होती, घर कुणाचं? चाचांनी सांगून टाकलं, पोरीच्या माहेरचं, पॅनमनचं. आम्हाला सांगताना ते जरा चाचरले. "झूठ बोललो का भानुदासराव?" अप्पा त्यांच्यासाठी चहा टाकायला आत गेले.

पुढच्या वर्षी बरा पाऊस झाला. श्रावण लागला होता, माय निवडण घेऊन ओट्यावर बसली होती आणि मी तिच्याजवळ. एक बाई रस्त्यानं प्रत्येक घराकडे बघत बघत येत होती. उन्हानं रापलेली, कडेवर तान्हं, हातात पिशवी. आमच्या दारासमोर आली आणि थांबली. भिंत पुन्हा मळली होती, तोरण नव्हतं. तिनं पिशवी खाली ठेवली, आतून फडक्यात गुंडाळलेली फ्रेम काढली, फोटो बघितला, दार बघितलं.

"हे पॅनमनचं घर हाय का?" तिनं विचारलं.

मी तिला ओळखलं. एवढे दिवस त्या चेहऱ्याच्या कडेनं रेघ ओढत बसले होते, कशी नाही ओळखणार? पण मायनं तिला कधी जवळून बघितलेलं नव्हतं. माय फ्रेमकडे बघत होती, मग तिच्याकडे.

"ऊस तोडीला गेल्ते तेव्हा बी पाचटाच्या कोपीत लावला होता," ती घाईघाईनं सांगायला लागली, जणू कुणी तिला हाकलणारच आहे. "सगळ्या बाया पंचमीला माहेरी चालल्या. सासू म्हणली, तू बी जाय की, एवढं मोठं दार हाय तुजं. मी काय सांगू तिला? म्हणलं, नुस्तं बघून तरी यावं. मी लगेच जाते, माय. पाणी पिऊन जाते."

माय निवडण बाजूला ठेवून उठली. आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या एका हातात पाण्याचा तांब्या आणि दुसऱ्यात भाकरीचा तुकडा होता. तिनं तुकडा शांताच्या आणि बाळाच्या अंगावरून ओवाळून लांब टाकला, तिच्या पायांवर पाणी घातलं आणि बाळ आपल्याकडे घेतलं. लेक बाळंत होऊन माहेरी आली म्हणजे जसं करतात तसं.

आवाज ऐकून अप्पा आतून आले. मी हळूच सांगितलं, "अप्पा, शांता." त्यांनी चष्मा नीट केला. शांता पाया पडायला वाकली तेव्हा तिच्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, "पंचमी करूनच जायचं, बाळ. मी संगीला बी बोलावून घेतो."

आणि लगेच सायकल काढून चौसाळ्याला फोन लावायला बाजारात गेले.